ऑपरेशन तुम्हीच करणार ना?

राउंड संपत आला की हा प्रश्न येतोच. पेशंट स्वतः सहसा विचारत नाही. त्याचा मुलगा किंवा जावई विचारतो, तोही मी कॉटपासून चार पावलं पुढे गेल्यावर, मागून येऊन, हळू आवाजात. "सर, ऑपरेशन तुम्हीच करणार ना?" आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, "म्हणजे दुर्बिणीनेच आहे, छोटंच आहे, पण तरी विचारलं."

पंचवीसेक वर्षं मी शिकवणाऱ्या रुग्णालयांत किडनी, मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रिया करतोय, शिकवतोय. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: "आम्ही सगळे असतो, काळजी करू नका." उत्तर खोटं नव्हतं, पण विचारणाऱ्याच्या हातात त्यातून काही पडत नव्हतं. अशा रुग्णालयात काही ऑपरेशनं मी करतो, काही माझ्या देखत रेसिडेंट करतात आणि बरीचशी आम्ही वाटून करतो. हा रेसिडेंट म्हणजे कुणी कालचं पोरगं नव्हे. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस आणि त्यानंतर तीन वर्षांचं एमसीएच. माझ्याकडे येतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो, एखाद्याचं मूल बालवाडीत जात असतं. अपेंडिक्स, हर्निया, फुटलेलं आतडं त्याने रात्री-बेरात्री निस्तरलेलं असतं. आणि तरी किडनीत सुई घालायला किंवा दुर्बिणीच्या पडद्यावर बघून आत टाका घालायला सांगितलं की तो पुन्हा पहिलीत बसतो.

आधी त्या 'छोटंच आहे'बद्दल. पाठीतून किडनीतला मुतखडा काढतात, त्याला आम्ही पीसीएनएल म्हणतो. भोक असतं जेमतेम एक सेंटिमीटरचं, आता त्याहूनही बारीक. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांत जातो, आणि त्या भोकातून आपण नेमके तिथे शिरतो. फरक एवढाच की उघड्या ऑपरेशनात रक्त आलं तर बोटाने दाबता येतं. इथे बोट पोचत नाही.

उघडी शस्त्रक्रिया शिकवणं त्या मानाने सोपं होतं. जखमेत चार हात मावतात. मी शिकत असताना माझी कात्री चुकीच्या थराकडे वळली की माझे सर काही न बोलता माझं मनगट दोन बोटांनी बाजूला सारत. दुर्बिणीच्या कामात मूठ एकाच्याच हातात असते.

आमच्या वेळी तर दिसायचंही एकालाच.

१९९७ सालची गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडायची, विजेच्या तारेच्या कड्याने एकेक काप काढायचा. आमच्या थिएटरात तेव्हा कॅमेरा नव्हता. दुर्बिणीच्या मागच्या भिंगाला एक डोळा लावून, मान वाकडी करून काम चालायचं. शिकवणाऱ्यासाठी एक जोडनळी मिळायची, तिच्यातून सरांनाही दिसायचं, पण ती लावली की उजेड दोघांत वाटला जाई आणि दोघांनाही धड दिसत नसे. म्हणून ती बहुधा कपाटातच राहायची. सर शेजारी उभे राहून विचारत, "काय दिसतंय?" आणि मी सांगत असे. मला जे समजत होतं तेवढंच मी सांगू शकत होतो, हे उघड आहे.

पेशंट एक आजोबा. त्यांना कमरेतून भूल दिलेली, म्हणजे ते जागे. भूलतज्ज्ञ मॅडम त्यांच्याशी ऊस, कारखाना, जावयाची मोटरसायकल असं काहीबाही बोलत होत्या. मला तेव्हा वाटायचं, काय या गप्पा. ती त्यांची तपासणी होती, हे त्या दिवशी कळलं. पाऊण तास झाला, तास झाला, प्रोस्टेट मोठी होती, मी खरवडतोच आहे. एक शीर उघडी पडली होती आणि धुण्यासाठी सोडलेलं ग्लायसिनचं पाणी तिच्यातून आजोबांच्या रक्तात चाललं होतं. मला ती शीर दिसली नाही. आजोबा जांभया देऊ लागले. मग म्हणाले, मळमळतंय. आणि मग अगदी शांतपणे, "दिवे घालवले का हो?"

दिवे चालू होते. रक्तातलं सोडियम उतरलं होतं आणि ग्लायसिनने डोळ्यांवर अंधारी आणली होती. मॅडमनी फक्त "थांबा" म्हटलं. सरांनी मला बाजूला केलं, भिंगाला डोळा लावला, दोन मिनिटांत रक्त थांबवलं आणि दुर्बीण बाहेर काढली. पुढचं सगळं मॅडमनी सांभाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो तर आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मला किती वाजले ते सांगितलं. मी तिथून थेट जिन्यात जाऊन बसलो.

आज बहुतेक ठिकाणी हे काम सलाइनच्या पाण्यात होतं, त्यामुळे तो धोका जवळजवळ गेला. पडदा आला, त्यामुळे रेसिडेंटला दिसतं ते मला, भूलतज्ज्ञांना, सिस्टरला, दारातल्या मामांनाही दिसतं. शिकवण्याच्या दृष्टीने कॅमेऱ्याएवढी मोठी सुधारणा माझ्या हयातीत झाली नाही. रोबोची गोष्टसुद्धा मी त्यानंतर ठेवीन.

पण दिसलं म्हणजे जमलं असं नाही. पोटात बारीक नळ्या घालून लॅपरोस्कोपी करताना हातभर लांब अवजार पोटाच्या भिंतीत एका बिंदूवर टेकलेलं असतं. मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जातं, मूठ वर केली की टोक खाली. शिवाय पडदा सपाट, खोली कळत नाही. माझं गाव सिंधुदुर्गातलं, खाडीकाठचं. माझे एक काका तिथे तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवायचे. वल्ह्याची मूठ एकीकडे ओढली की पाण्यातलं पातं दुसरीकडे जातं, हे मला नवव्या वर्षी हाताला कळलं होतं, त्यामुळे लॅपरोस्कोपीचा हा उलटा कारभार मला फारसा जड गेला नाही. काकांनी वल्हं पहिल्यांदा हातात दिलं ते सुकतीला, काठाशी, गुडघाभर पाण्यात. तर माणसांनी भरलेली असताना आणि भरतीचं पाणी चढत असताना दिलं नाही. शल्यविद्येत मात्र कित्येक वर्षं वल्हं भर भरतीतच दिलं जायचं. 'एक बघा, एक करा, एक शिकवा' असं म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. म्हणणारे अर्धवट थट्टेने म्हणतात, पण वागतात तसंच.

ज्यांनी ही विद्या सुरू केली ते असे वागले नव्हते. जर्मनीत कील शहरात कुर्ट सेम यांनी १९८० साली लॅपरोस्कोपीने पहिलं अपेंडिक्स काढलं. त्यांनीच सरावासाठी ओटीपोटाची खोटी पेटी बनवली होती. अमेरिकेत सेंट लुइसला राल्फ क्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ जून १९९० रोजी ८५ वर्षांच्या एका बाईंची किडनी लॅपरोस्कोपीने काढली, जगातली पहिली. जवळजवळ सात तास लागले. त्याआधी हीच मंडळी प्रयोगशाळेत डुकरांवर हात बसवत होती. आपल्याकडे त्याच १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी लॅपरोस्कोपीने पहिलं पित्ताशय काढलं. ते १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते, म्हणजे अठरा वर्षं नजर आणि हात तयार होत होते. एखादी गोष्ट 'पहिल्यांदा' झाली असं वाचताना हा मागचा सराव आपण वाचतच नाही.

आमच्या विभागात सरावाची पेटी आली ती मात्र काही दूरदृष्टीने आली नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये तातडीच्या सोडून सगळ्या शस्त्रक्रिया बंद झाल्या. रेसिडेंट कोविडच्या ड्यूटीवर. तीन वर्षांतले महिने वाया जात होते आणि मुलांचे चेहरे उतरले होते. त्यांच्यातल्या एकाने भाजीचा प्लास्टिकचा क्रेट आणला, उलटा घातला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, त्याला भोकं पाडली, आत वेबकॅम आणि दिव्यांची पट्टी. भंगारात काढलेला मॉनिटर आणि जबडे सैल झालेली जुनी अवजारं. पहिला धडा कडव्या वालांचा. डाव्या वाटीतला वाल डाव्या हाताच्या अवजाराने उचलायचा, अधांतरी उजव्या हातात द्यायचा, उजव्या वाटीत टाकायचा. तीस वाल. भिंतीवर कागद, त्यावर वेळ आणि पडलेले वाल.

ऐकायला पोरखेळ वाटतो. मी स्वतः बसलो तेव्हा माझे सात पडले.

आमच्या थिएटरचे मामा, तीस वर्षं नोकरी झालेले, रोज संध्याकाळी क्रेट उचलून तळाचे वाल मोजतात आणि कागदावर आकडा लिहितात. रेसिडेंटांनी स्वतः लिहिलेल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. "सर, नवीन मॅडमचे आज तीनच," असं मला जिन्यात सांगतात. युरोपात यूरॉलॉजीच्या रेसिडेंटांची अशा पेटीवर रीतसर परीक्षा होते: खुंट्या हलवणं, वर्तुळ कापणं, कड्यांतून सुई नेणं, एक गाठ. आमच्याकडे मामा आहेत.

याने खरंच फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. येल विद्यापीठातल्या १६ रेसिडेंटांवरचा एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना संगणकाच्या आभासी पेटीवर ठरावीक दर्जा गाठेपर्यंत सराव दिला, निम्म्यांना नेहमीसारखं शिकवलं. मग सगळ्यांनी खऱ्या रोग्याच्या यकृतापासून पित्ताशय सोडवलं. सराव केलेल्यांनी ते २९ टक्के लवकर सोडवलं आणि त्यांच्या चुका कितीतरी कमी होत्या. संख्या लहान आहे, पण माझा अनुभव याहून वेगळा नाही. यातली 'दर्जा गाठेपर्यंत' ही अट मला महत्त्वाची वाटते. तासभर पेटीपाशी बसला म्हणून शिकला, असं नसतं. आमच्याकडे सलग तीन दिवस तिसांपैकी दोनच्या वर वाल पडले नाहीत, तरच पुढचा धडा.

पुढचा धडा कोंबडीचा. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग एकमेकांना शिवून जोडावे लागतात, तसं कोंबडीच्या कातडीची नळी करून तिची टोकं जोडायची. कोंबडीच्या गळ्यापाशी दाणे साठवायची एक पातळ पिशवी असते. तिच्यावर किडनीचं तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया शिकता येते, ही युक्ती गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल यूरॉलॉजिकल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये जगापुढे मांडली. नडियाद म्हणजे आमच्या शाखेचं पंढरपूर. १९७८ पासूनचं हे रुग्णालय, तिथलं प्रशिक्षण केंद्र, आणि देशभरातून वारीला येणारे रेसिडेंट. आमचा कोंबडीवाला ही पिशवी पूर्वी फेकून द्यायचा. आता रविवारी वेगळी बांधून ठेवतो, पैसे घेत नाही. मटणवाला मात्र बोकडाच्या गुर्द्याचे पूर्ण पैसे घेतो, आणि मूत्रनळी गुर्द्याला लांब ठेव म्हटलं की दर वेळी विचारतो, "डॉक्टर, याचं नक्की करता काय?"

सगळ्यात अवघड शिकवणी पीसीएनएलच्या सुईची. स्वीडनमध्ये १९७६ साली फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतल्या भोकातून मुतखडा काढल्याचं लिहिलं, तेव्हापासून आजतागायत सगळं त्या एका सुईवर आहे. किडनीत लघवी गोळा करणारे लहान लहान पेले असतात. त्यातल्या मागच्या बाजूच्या पेल्यात, त्याच्या टोकातून, सरळ शिरायचं. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या नसतात. किडनीचा कमी रक्ताचा हा पट्टा नकाशासारखा दाखवला तो मॅक्स ब्रोडेल या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या चित्रकाराने, १९०१ साली. चित्रकाराने, हे मी दर वर्षी नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. पेल्याच्या बाजूने शिरलात तर मात्र रक्ताची धार लागते. अभ्यासांत सुमारे ६० केसेसनंतर हात बसतो असं दिसलं आहे. आमच्याकडे केसेस भरपूर, मुतखड्यांना महाराष्ट्रात तोटा नाही, पण त्या साठातली पहिली कुणाची तरी असतेच.

म्हणून आधी बांगडी. गादीच्या फोमचा ठोकळा, त्याच्या पोटात मावशींनी दिलेली लहान मुलाची काचेची बांगडी. एक्स-रेत काच दिसते. दिवसाच्या ऑपरेशनांची यादी संपल्यावर, शिशाचा एप्रन घालून, सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली सुई बांगडीतून पार करायची. फोम उलटा-सुलटा केला की बांगडीचा कोन बदलतो.

गेल्या पावसाळ्यातला एक मंगळवार. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, वालांत पहिली, बांगडीत सगळ्यांना मागे टाकणारी. पेशंट पालथा. मूत्रनळीतून औषध सोडलं, पडद्यावर पेले उमटले, पसरलेल्या बोटांसारखे. तिने सी-आर्म आपल्याकडे तीसेक अंश कलवून घेतला आणि सुई अशी धरली की पडद्यावर सुईची सुई दिसेना, नुसता ठिपका दिसला. ठिपका पेल्यावर. किडनी श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणून भूलतज्ज्ञांना म्हणाली, "श्वास धरा." सुई आत. सी-आर्म परत सरळ करून खोली बघितली. आतली सळई काढली.

काही आलं नाही.

अशा वेळी मी माझे हात पाठीमागे नेतो आणि उजव्या हाताने डावं मनगट धरून ठेवतो. सवय आहे. नाही धरलं तर हात आपोआप पुढे जातो. आमचा नियम तीन प्रयत्नांचा: तिसऱ्याला नाही जमलं तर मूठ माझी, आणि त्यावर नंतर कुणी काही बोलायचं नाही. तिने सुई पूर्ण बाहेर घेतली नाही, थोडी मागे आणली, पुन्हा ठिपका जुळवला, पुन्हा श्वास धरायला लावला. या वेळी सळई काढल्यावर सुईच्या तोंडाशी एक थेंब फुगला, पिवळसर, स्वच्छ. ती काही बोलली नाही. सिस्टरने आधीच तार पुढे केली होती. मग तारेवरून जुन्या रेडिओच्या एरियलसारख्या एकात एक बसणाऱ्या सळया सरकवून वाट रुंद केली. पुढचा तास मुतखडा फोडण्याचा होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रोबोच्या शस्त्रक्रियेत मला मनगट धरावं लागणार नाही. दा विंची या रोबोच्या २००९ च्या यंत्रापासून दोन टेबलांची सोय झाली आहे. शिकणारा एकावर, शिकवणारा दुसऱ्यावर, आणि वाटेल तेव्हा मूठ आपल्याकडे घेता येते. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही ब्रेक असतो, तसं. पण हे यंत्र कोट्यवधींचं. माझं खरं दुखणं त्याहून बरंच खालच्या पातळीवरचं आहे. किडनीपर्यंत वळत जाणारी लवचीक दुर्बीण लाखांत येते आणि नाजूक असते. मी पूर्वी होतो त्या एका रुग्णालयात ती मोडली तर रेसिडेंटचं नाव चौकशीत यायचं. त्यामुळे कुणी ती हातात घेईना, आणि तीन वर्षं संपवून मुलं बाहेर पडली ती हे काम फक्त बघून. ती दुर्बीण पुढे शेजारच्या खोलीत, तिच्या खोक्यातच, जुनी झाली. तिथेच मी सरावासाठी आठवड्यातले दोन तास वेळापत्रकात मागितले होते. 'सेवेत खंड पडेल' असं उत्तर आलं. माझ्या स्वतःच्या एमसीएचच्या परीक्षेत चार परीक्षकांनी दोन दिवस मला हवं ते विचारलं. माझे हात कसे चालतात, ते एकानेही पाहिलं नाही.

आता त्या जावयाच्या प्रश्नाकडे. हल्ली मी थांबतो आणि सांगतो: सुई या मॅडम घालतील, मी त्यांच्या शेजारी उभा असेन, तीनदा जमलं नाही तर मी घालीन. काही जण गप्प होतात. एकाने सरळ "मग नको" म्हटलं. त्यांच्या सासऱ्यांचं मी स्वतः केलं, तो त्यांचा हक्क आहे. बरेच जण त्या मॅडमकडे वळून बघतात आणि गाव विचारतात.

तुमच्यावर किंवा घरच्या कुणावर अशा रुग्णालयात दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं, तर हा प्रश्न जरूर विचारा, आणि कॉटपाशीच, मोठ्याने विचारा. त्यासोबत आणखी दोन विचारा: शेजारी कोण उभं राहणार, आणि यांनी याचा सराव कुठे केला? आमच्या वॉर्डात कुणी हे विचारलं, तर मामा क्रेट दाखवतील.